बोळातली खुर्ची

“त्याला सांग, मागाच्या जागेवर काही ठेवायचं न्हाई,” आप्पा मला म्हणाले.

‘तो’ म्हणजे त्यांचा मुलगा भरतेश. तो माझ्या शेजारीच, त्याच सोफ्यावर, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ऐकलं असशीलच, अशा अर्थाने.

“त्यांना विचार, मग ठेवायचं कुठं?” भरतेश मला म्हणाला.

मी मान परत आप्पांकडे वळवली. बिरनाळ्यांच्या घरात दोन वर्षं बापलेकाचं बोलणं असंच चाललं होतं. एरवी मध्यस्थी अक्का करायच्या, म्हणजे भरतेशची आई. त्या आत चहा ठेवत असल्याने चार्ज माझ्याकडे आला होता. आप्पांचे कान यंत्रमागांच्या खडखडाटात निम्मे गेलेले. भरतेश हळू बोलला की त्यांना ऐकू यायचं नाही, आणि तो मोठ्याने बोलला असता तर त्यांनी ऐकलं नसतं. म्हणून मी ओरडून विचारलं, “आप्पा, मग ठेवायचं कुठं?”

“बोळात. बोळ मोकळेच हाईत की.”

“एवढ्याशा बोळात टेबलं, टीव्ही, माणसं, सगळं कसं मावायचं?”

“ते तू बघ. इंजिनिअर हाईस न्हवं?”

मी इंजिनिअर नव्हतो. इंटिरिअरचा डिप्लोमा केला होता आणि इचलकरंजीतल्या नव्या बंगल्यांना खोटी छतं बसवून देत होतो. खरं छत डोक्यावर असताना त्याखाली खोटं टांगून घेण्याची हौस तेव्हा गावात नुकती आली होती आणि माझं बरं चाललं होतं. पण आप्पांच्या लेखी कागदावर रेघ मारणारा प्रत्येक माणूस इंजिनिअर होता, आणि त्यांच्या तोंडी तो काही फार मानाचा शब्द नव्हता.

“आणि त्याला सांग,” आप्पा उठताना म्हणाले, “जमत नसंल तर माझ्या खात्याला कुलूप हाय ते बरं हाय.”

खातं म्हणजे मागांचा कारखाना, आणि त्याची किल्ली त्यांच्या करगोट्याला होती. ती काढून मागायची हिंमत घरात कोणालाच नव्हती.

ही सगळी बोलाचाली होती व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनावरून. भरतेशला शाळेपासून त्या खेळांचा नाद. एस. टी. स्टँडसमोरच्या पार्लरमध्ये आम्ही दोघांनी दहावीचं अख्खं भूगोलाचं पुस्तक घालवलं. मी सुधारलो, तो पुण्याला नोकरीला लागला आणि जास्त बिघडला. बंद पडलेल्या पार्लरमधून, भंगारवाल्यांकडून, लोकांच्या माळ्यांवरून त्याने जुने खेळ गोळा केले: कॅसेट घालून खेळायचे डबे, तुटक्या दांड्याच्या जॉयस्टिक, नाणं टाकून खेळायची दोन उभी मशीनं, आणि ज्यांच्याशिवाय हे खेळ खेळ वाटतच नाहीत ते पाठीला कुबड असलेले जुने डबा टीव्ही. आता त्याला हे सगळं गावाला दोन दिवस खेळायला द्यायचं होतं. बेळगावचे, साताऱ्याचे, पुण्याचे त्याच्यासारखेच बिघडलेले लोक आपापले डबे घेऊन येणार होते. पत्रकं वाटून झाली होती. पत्रकावर जागा छापली होती: बिरनाळे टेक्स्टाईल्सचा जुना कारखाना. ती ज्यांची, त्यांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

कारखाना घरासमोरच, मध्ये फक्त अंगण. चोवीस माग होते. आप्पांच्या छातीचं ऑपरेशन झालं, त्यांना धुळीत जायची बंदी झाली, माग महिनोन्‌महिने बंद राहिले, आणि भरतेशने ते भंगारात काढले. सही आप्पांचीच होती. त्यांनी ती मुकाट्याने केली, पेन टोपण लावून परत दिलं, आणि त्या दिवसापासून मुलाशी थेट बोलले नाहीत. अंगण ओलांडून कारखान्यातही गेले नाहीत. सकाळी पडवीत बसायचे ते खुर्चीची पाठ कारखान्याकडे करून.

तेव्हा प्रदर्शन होणार की नाही, हे आता त्या कुलपावर होतं. भरतेशच्या जिवाला दुसराच घोर होता. तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “मुक्या, गाव आलं नाही तरी चालेल. हा माणूस एकदा आत आला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी अक्कांनी किल्ली आणून दिली; आप्पांनी ती न मागताच काढून त्यांच्या हातात ठेवली होती. आम्ही मोजायची फीत घेऊन आत शिरलो.

माग जाऊन दोन वर्षं झाली तरी ते गेले होते असं म्हणवत नव्हतं. जमिनीवर प्रत्येक मागाची जागा तेलाने काळी झालेली, चार कोपऱ्यांना पायांचे चार खड्डे. आणि मागांच्या मधल्या बोळात मात्र फरशी गुळगुळीत, पांढुरकी. माणसांच्या पायांनी घासलेली. एक कामगार चार माग बघायचा. दोन तोंडासमोर, दोन पाठीमागे. बोळात उभं राहायचं, इकडे बघायचं, वळायचं, तिकडे बघायचं. कुठे धागा तुटला, कुठे सुताची कांडी संपली, की माग थांबायचा. मग दोन पावलं टाकून तो परत चालू करायचा. पाळी संपेपर्यंत असंच.

“आता मांड इथं तुझं प्रदर्शन,” भरतेश कंबरेवर हात ठेवून म्हणाला. “बोळात! काय बोळात बसवू? बुद्धिबळ?”

मी आदल्या आठवड्यात छान आराखडा काढला होता. घोड्याच्या नालेसारखी टेबलांची रांग, मध्ये मोकळा चौक, उभी मशीनं दाराशी. तो कागद मी घडी करून खिशात घातला. कुठल्याही प्रदर्शनात रिकाम्या जागेत माणसं भरायची असतात. इथे रिकामी जागा रिकामीच ठेवून, उरलेल्या जागेत माणसं भरायची होती.

“मुद्दाम करतायत रे,” भरतेश म्हणाला. “माग विकले ना मी. आता त्या जागांचं सोवळं पाळायचं. मी तिथं पाय ठेवला की माझ्याच तोंडात मारल्यासारखं व्हायला पाहिजे.”

“असेल.”

“असेल काय? आहेच. मी काय माग पळवून नेले? ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मी उभा होतो. तिथं डॉक्टर काय बोलला ते मला माहीत आहे.”

मी वर बघत होतो. खोट्या छताच्या धंद्यात वर बघण्याची सवय लागते. पत्र्याखाली जुन्या लोखंडी कैच्या होत्या, अख्खा कारखाना पेलणाऱ्या, आणि आता त्यांना पत्र्याशिवाय पेलायला काहीच उरलं नव्हतं.

“आप्पा काय म्हणाले? जागेवर काही ठेवायचं नाही. बरोबर?”

“हं.”

“टांगायचं नाही असं म्हणाले?”

भरतेशनेही वर पाहिलं. मग त्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला. “लेका, तू इंजिनिअर नाहीस. तू वकील आहेस.”

मग तसंच केलं. कैच्यांना सळया बांधल्या, सळयांना जाड फळ्या, फळ्यांवर टीव्ही. प्रत्येक फळी मागाच्या जागेच्या वर, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर अधांतरी. वायरी वरून वरच नेल्या. उभी दोन मशीनं दाराबाहेर भिंतीला लावली. खेळणारा बोळात बसणार. दोन टीव्ही समोर, दोन पाठीमागे. एका बोळात पाठीला पाठ लावून चौघे. काम निम्मं झाल्यावर लांबून पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी नवीन काहीच केलेलं नाही. मी चोवीस मागांचा कारखाना परत मांडला होता, फक्त हलका.

आप्पांना जाऊन ओरडून सांगितलं. टांगण्याची गोष्ट ऐकून भांडण होईल अशी माझी तयारी होती. ते एवढंच म्हणाले, “बोळ हाय तसा ऱ्हायला न्हवं?”

“इंचभरही हलला नाही.”

“मग झालं. बसायला काय ठेवलाय?”

“स्टुलं. भरतेशनं सुताराला सांगून मुद्दाम करवून घेतलीत. पार्लरमध्ये असायची तशीच, बुटकी, लाकडी.”

आप्पांचा चेहरा बदलला. त्यांना राग आला की चेहरा तांबडा व्हायचा. आत्ता तो उतरला.

“स्टूल न्हाई चालायचं.”

“का?”

“न्हाई चालायचं म्हणजे न्हाई चालायचं! खुर्ची आण. पाठ असलेली. हात असलेली. तुला डेकोरेटर ठाऊक न्हाई व्हय? लग्नात नवरदेवाकडच्यांना देत्यात तसली.”

“आप्पा, बोळात हाताची खुर्ची घातली तर माणसाला माणूस ओलांडून जाता यायचं नाही.”

“मग मानसं कमी बसव. पण स्टूल दिसलं तर मी कुलूप घालणार. त्याला सांग.”

मी त्याला सांगितलं. या वेळी भरतेश हळू बोलला नाही.

“स्टूल नसेल तर ते पार्लर कसलं? लग्नाच्या खुर्चीत बसून कोणी जॉयस्टिक धरली होती? अरे, माझं प्रदर्शन आहे का त्यांचं? आधी जागा नाही, मग फर्निचर नाही. उद्या म्हणतील टीव्ही लावू नका, नुसते बसा! जाऊ दे मुक्या. पत्रकं परत गोळा करू. बेळगाववाल्यांना फोन करतो.”

त्याने खरंच फोन काढला. मी म्हटलं, जेवून कर. उपाशी माणसाने प्रदर्शन रद्द करू नये.

तो हात धुवायला गेला, तेव्हा अक्का ताटं मांडत होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मुकुंदा, स्टुलावरनं पेटलंय व्हय?”

“हो ना. काय बिघडतं अक्का स्टुलांनी?”

त्यांनी भाकरीची चवड खाली ठेवली, नळाचा आवाज येतोय याची खात्री केली.

“तुला दस्तगीर आठवतोय? दस्तगीर मोमीन. तिसऱ्या बोळात असायचा.”

आठवत होता. उंच, काटक, कानावर पेन्सिल. आम्ही लहान असताना मागाचा धोटा हातात धरायला द्यायचा.

“त्याच्या पायाच्या शिरा फुगायच्या. पिंढऱ्यांना लुगड्याच्या पट्ट्या बांधून हुभा ऱ्हायचा बिचारा. एक दिवस घरनं स्टूल घेऊन आला. म्हणाला, मालक, माग चालू असताना जरा टेकतो, बंद पडला की उठतो. ह्यांनी काय केलं? ते स्टूल उचललं आणि सगळ्यांच्या देखत रस्त्यावर फेकलं. म्हणाले, हुभ्या माणसाचा माग चालतोय, बसल्याचा झोपतोय.”

“मग?”

“मग काय? दस्तगीर बाहेर गेला, स्टूल उचललं, सायकलला बांधलं, आणि परत येऊन हुभा ऱ्हायला. काई बोलला न्हाई. कदीच बोलला न्हाई. माग भंगारात जाईपर्यंत तिथंच हुभा हुता.” अक्कांनी पदराला हात पुसले. “ऑपरेशन झाल्यावर शुद्धीत येताना हे काय बडबडत हुते ठाऊक हाय? स्टूल आणा, स्टूल आणा. नर्सनं आणलं बी एक. तिला काय कळणार?”

आत नळ चालूच होता.

“आता ह्यांनी दस्तगीरला निरोप धाडलाय. प्रदर्शन बघायला ये म्हणून. त्याला व्हिडिओ गेममधलं काय कळतंय? आणि ह्यांना तरी? पण बोळ तिथंच पायजे, आणि बोळात खुर्ची पायजे. मागाच्या जागा भरल्या तर बोळ कुठला ओळखू यायचा रे?”

माझ्या डोक्यात दोन वर्षांचा हिशेब उलटा चालला होता. भरतेश समजत होता तसं ते सोवळं मागांचं नव्हतंच.

“मी भरतेशला सांगतो.”

“सांगू नको,” अक्का चटकन म्हणाल्या. “सांगितलंस तर तो बापाला माफ करून टाकील. आणि ते ह्यांना सहन व्हायचं न्हाई.”

भरतेश टॉवेलला तोंड पुसत आला. ताटावर बसून मी त्याला समजावून सांगितलं की टांगलेल्या फळीची उंची आणि बुटक्या स्टुलावरची नजर यांचं गणित जुळत नाही, माना अवघडतील, उंच खुर्चीला पर्याय नाही. फळीची उंची मीच ठरवली होती आणि ती हवी तेवढी खाली घेता आली असती, हे त्याच्या लक्षात आलं नाही. शिकलेल्या माणसाला गणित सांगितलं की तो फारसं विचारत नाही.

“आधी नाही सुचलं?” एवढंच तो म्हणाला.

“आधी स्टुलं नव्हती.”

लग्नाच्या खुर्च्या आल्या. लाल, फायबरच्या, हात असलेल्या. एका बोळात चार बसवायच्या होत्या तिथे दोनच मावल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच बाहेर गर्दी होती. मला पोरं येतील असं वाटलं होतं. आले ते आमच्याच वयाचे, पोट सुटलेले, केस पांढरे व्हायला लागलेले पुरुष, आणि मुलांना घेऊन येण्याचा बहाणा केलेले. आत शिरल्यावर मुलांचे हात सुटले. कॅसेट चालत नाही म्हटल्यावर एका बँक मॅनेजरने ती काढून तिच्यात जोरात फुंकर मारली, आणि इतक्या वर्षांनी फुंकर लागू पडली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. टीव्हीच्या कुबडावर थापा पडत होत्या. खुर्च्यांबद्दल कोणीच तक्रार केली नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या कमरांना पाठ हवीच होती. भरतेशच्या स्टुलांवर त्यांतला एकही धड बसू शकला नसता.

भरतेश सगळ्यांशी हसून बोलत होता आणि दर दोन वाक्यांनी अंगणाकडे बघत होता.

आप्पा आले. धोतर, टोपी, पांढरा शर्ट. सणाला घालतात तो. ते उंबऱ्याशी थांबले. दाराच्या चौकटीला हात लावला, आणि मग आत पाय टाकला. भरतेश पुढे सरकला आणि जागीच थांबला. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. टांगलेल्या टीव्हींकडेही पाहिलं नाही. काठी टेकत ते सरळ तिसऱ्या बोळात गेले. तिथल्या एका खुर्चीत कुणी पोरगं खेळत होतं. दुसरी रिकामी होती, कारण अक्कांनी तिच्यावर सकाळीच आपली शाल टाकून ठेवली होती. आप्पांनी शाल काढली, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाब देऊन पाहिला, एक पाय डुगडुगत होता तर पुठ्ठ्याची घडी मागून घेतली आणि स्वतः खाली वाकून ती पायाखाली सरकवली. छातीचं ऑपरेशन झालेला माणूस. मी पुढे झालो तर त्यांनी मला हातानेच थांबवलं.

मग ते खुर्चीशेजारी उभे राहिले. उभेच राहिले.

“काय चाललंय हे?” भरतेशने माझ्या कानाशी येऊन विचारलं.

“नंतर सांगतो.”

दस्तगीर रिक्षाने आला. मी त्याला ओळखलं ते उंचीवरून. बाकी काही तसं राहिलं नव्हतं. दाढी पांढरी, इस्त्रीचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. दारात थांबून त्याने आत पाहिलं, वर पाहिलं, आणि मग कोणाला न विचारता त्याचे पाय तिसऱ्या बोळाकडे वळले.

“ये, दस्तगीर,” आप्पा म्हणाले.

“सलाम मालक. तब्येत?”

“हाय. तुझी?”

“हाय की.” त्याने मागच्या बाजूच्या टीव्हीकडे पाहिलं, वळून समोरच्या पाहिलं. “हे काय, सगळं वरच बांधलंय? खाली काय न्हाई?”

“खाली न्हाई. जागा हाय तशी ठेवलीय.” आप्पांनी खुर्ची किंचित मागे ओढली. “बस.”

“ऱ्हाऊ द्या मालक.”

“बस म्हणतोय न्हवं.”

“तुमी हुभं आणि मी कसा बसू?”

आप्पांनी शेजारच्या खुर्चीतल्या पोराकडे नुसतं पाहिलं. ते उठून पळालं. आप्पा तिथे बसले, काठी मांडीवर आडवी घेतली. समोरच्या टीव्हीवरचा खेळ कोणी खेळत नसल्याने आपोआप हरत होता.

“आता बस.”

दस्तगीर बसला नाही. तो खुर्चीच्या हाताला एका बोटाने शिवला, गरम आहे का बघावं तसं.

“दस्तगीर,” आप्पा म्हणाले, आणि कान गेलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतोय हे कळत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या चार बोळांना ऐकू गेलं, “ते स्टूल. तुझं. मी त्या दिवशी...”

“कुठलं स्टूल, मालक?”

“तू घरनं आणलेलं. मी रस्त्यावर...”

“न्हाई बा,” दस्तगीर म्हणाला. “मला तर काय याद न्हाई.”

आप्पा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या तोंडावर काहीच नव्हतं. राग नव्हता, खोटं बोलतोय असंही नव्हतं. मी पुष्कळ वेळा तो चेहरा डोळ्यांसमोर आणून पाहिला आहे, आणि तो खरंच विसरला होता की आप्पांना ते बोलूच द्यायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्हींपैकी काही असलं तरी आप्पांच्या हाती काही लागलं नाही, एवढं मात्र खरं.

“बस तरी,” आप्पा म्हणाले. या वेळी आवाज खाली गेला होता. हुकूम नव्हता तो.

“मालक, खरं सांगू? घरात सून मला हुभं ऱ्हाऊ देत न्हाई. जरा उठलो की आतनं वरडती, अब्बा बैठो, गिरोगे. सकाळपासनं संध्याकाळपतूर बसूनच असतोय मी. बसून बसून पाठ लागली.” तो हसला. वरचे दोन दात नव्हते. “हितं तरी जरा हुभं ऱ्हाऊ द्या की. ह्या खुर्चीनं बोळात पाय बी ठेवाय येईना.”

बँक मॅनेजरने हातातली जॉयस्टिक खाली ठेवली. माझ्या शेजारी भरतेश उभा होता. त्याने कसलं स्टूल, हे मला परत विचारलं नाही. त्याला जेवढं ऐकू आलं होतं तेवढं पुरलं असावं, कारण तो बापाच्या वाकलेल्या मानेकडे बघत होता, मागे इस्पितळात बघायचा तसा.

आप्पा हळूहळू उठले. काठी टेकली. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबले, आणि मान वळवली. मी सवयीने एक पाऊल पुढे झालो. ते माझ्याकडे बघत नव्हते.

“भरत्या,” ते म्हणाले, “ही खुर्ची काढ हितनं. दोन्ही काढ.”

भरतेशने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांची सवय; बापाचं बोलणं कोणाकडून तरी यायचं असतं. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तो बोळात शिरला. दोन्ही खुर्च्या एकीत एक घातल्या, लोकांच्या डोक्यांवरून उचलल्या आणि बाहेर घेऊन गेला. बोळ मोकळा झाला. दस्तगीरने कॅनव्हासचे बूट काढून बाजूला ठेवले, अनवाणी पायांनी त्या घासलेल्या फरशीवर उभा राहिला, पाठीमागे हात बांधले. आप्पा त्याच्या शेजारी उभे राहिले. दोघांचेही कान मागांनी निम्मे नेलेले, त्यामुळे बोलायची गरज नव्हती. समोरचे दोन टीव्ही बघायचे, वळायचे, मागचे दोन बघायचे.

भरतेश परत येईना, म्हणून मी दारापर्यंत गेलो. त्याने खुर्च्या अंगणाच्या मधोमध ठेवल्या होत्या, एकीत एक तशाच, आणि त्यांच्यावर तो बसला होता. तोंड घराकडे. खांदे हलत होते की तो श्वास घेत होता, हे पाठीवरून कळत नव्हतं. जावं का, जाऊ नये, या विचारात मी चौकटीत अडकल्यासारखा उभा राहिलो. एवढ्यात आतून हाक आली, कारखाना चालू असताना द्यायचे तशी, सगळ्या खडखडाटाच्या वरून.

“भरत्या! ह्यो मागचा टीव्ही बंद पडला बघ!”

भरतेश उठला. तोंडावरून बाही फिरवली आणि दारापाशी आला.

“मुक्या,” तो म्हणाला, “बाजूला हो की.”

मी झालो.